व्हाळापलीकडची बंदूक

मराठीत मी लिहिलेलं पहिलं पूर्ण वाक्य असं होतं : ‘महोदय, माझे वडील मयत झाल्याने त्यांच्या नावे असलेली एकनळी बंदूक शेजारच्या राज्यातील परवानाधारकास हस्तांतरित करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि ‘मयत’ हा शब्द मला माहीत नव्हता. वाक्य माझं नव्हतंच. विश्राम परब यांनी ते सांगितलं आणि मी टाइप केलं. बंदूक त्यांच्या वडिलांची. वडील कोकणात वारले होते, बंदूक तिथल्या पोलीस ठाण्यात होती आणि आम्ही दोघं बहरीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत एका कॉम्प्युटरसमोर बसलो होतो.

हिद्दच्या बंदराजवळ आमच्या कंपनीचं वेअरहाऊस आहे. आलेला माल कस्टममधून सोडवायचा आणि गिऱ्हाइकाकडे पोचवायचा, हे आमचं काम. परबकाका तिथे तीस वर्षं होते. हुद्दा विचारला तर ते नुसतं ‘कागद’ म्हणायचे. कुठल्या मालाला कुठला कागद लागतो, तो कोणाच्या टेबलावर अडतो आणि किती वाजता गेलं तर सुटतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. बुटके होते, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. एक लिहायला, एक द्यायला. “दिलेलं पेन परत येत नाही,” ते म्हणायचे, “म्हणून द्यायचं पेन वेगळंच ठेवावं. मग राग येत नाही.”

काखेत कायम एक आकाशी रंगाची प्लास्टिकची फाइल. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती. “एक त्यांना, एक आपल्याला, एक देवाला.” देवाची प्रत त्यांच्या मनामा शहरातल्या खोलीत, पलंगाखालच्या बॅगेत जायची. तीस वर्षांचे कागद होते म्हणे त्या बॅगेत. कपडे दोरीवर.

बहरीनमध्ये राहणारा माणूस दिवसातून पन्नास वेळा ‘खलास’ म्हणतो. जेवण झालं, खलास. फोन ठेवायचाय, खलास. काका हा शब्द उगाच वापरत नसत. ड्रायव्हरने “परबभाई, काम खलास?” विचारलं की ते विचारायचे, “शिक्का बसला?” नसला बसला तर खलास नाही. आणि शिक्का बसल्यावर ते तो शब्द इतक्या हलक्या आवाजात उच्चारायचे की जवळ असलेल्यालाच ऐकू जावा.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बाबा अकाउंटंट, पुण्याचे. मी जन्मल्यापासून बुसैतीनमध्ये, शाळा ईसा टाउनची, इंग्लिश मीडियम. घरी आई-बाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. तेही थोडंच. नोकरी लागली ती डॉक्युमेंटेशनसाठी, पण रिसेप्शनवरची मुलगी सोडून गेली होती म्हणून मला ‘थोडे दिवस’ तिथे बसवलं. थोड्या दिवसांचे पाच महिने झाले. फोन वाजला की मी तो तीन-चारदा वाजू द्यायचे. कोणाला सांगायचं हे सुचत नव्हतं आणि सांगण्याची हिंमतही नव्हती.

एके दिवशी काका समोर येऊन उभे राहिले. तोवर आमचं बोलणं ‘गुड मॉर्निंग’पुरतं होतं.

“बाय, तुला इथून उठायचंय ना?”

मी मान हलवली.

“मॅनेजरला सांगितलंस?”

मी पुन्हा मान हलवली. आडवी.

“बोलायला लाज वाटते. बरं. मग लिही. लाजणाऱ्या माणसासाठीच अर्ज काढलाय देवाने. एक विषय, एक विनंती, एक तारीख. रडगाणं नको.”

मी इंग्लिशमध्ये पाच ओळी लिहिल्या. त्यांनी त्यातल्या ‘सॉरी’ असलेल्या दोन ओळी खोडायला लावल्या. “माफी कसली मागतेस? फोन तू तोडलास काय?” तिसऱ्या दिवशी मी डॉक्युमेंटेशनला होते, काकांच्या शेजारच्या टेबलावर. त्यांनी मागून मॅनेजरला काही सांगितलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, “कागद बोलला.”

कंपनीच्या पिकअपमधून ते रोज मनामाला परत जायचे. वाटेत मला बुसैतीनला सोडू लागले. गाडीत ते तीन भाषा बोलायचे. फोनवर बायकोशी मालवणी, कस्टमवाल्यांशी अरबी आणि माझ्याशी जरा सावरून, शाळेतल्या गुरुजींसारखी मराठी. मी इंग्लिशमध्ये उत्तर दिलं तरी त्यांनी कधी टोकलं नाही. पुण्याहून आलेले आमचे सगळे पाहुणे टोकायचे.

मग शिमगा झाला आणि त्यांचे वडील गेले. काका पंधरा दिवसांची रजा घेऊन गावी जाऊन आले. गाव सिंधुदुर्गात, अगदी गोव्याच्या हद्दीवर. तिथे काय झालं ते त्यांनी मला एकदम सांगितलं नाही. रोज बुसैतीनपर्यंत जेवढं होईल तेवढं सांगायचे.

वडिलांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती. रानडुकरं आणि माकडं भातात, बागेत उतरली की हवेत बार काढायचा. जन्मभरात त्या बंदुकीने आवाजच जास्त केला, काका म्हणायचे. वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी काकांनी बंदूक गोणपाटात गुंडाळली, सरपंचांना साक्षीला घेतलं आणि ती तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा करून आले. अजून दहावं व्हायचं होतं. भावकीतले लोक तोंडावर बोलले, “बापाची राख गरम असा, आणि ह्यो बंदूक सोडूक निघालो!”

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?” मी इंग्लिशमध्ये विचारलं.

“वाटलं तर. पण परवाना माणसाचा असतो गो, घराचा नसतो. माणूस गेला की परवाना गेला. त्यानंतर घरात असते ती बंदूक नव्हे, गुन्हा असतो. बापाच्या दहाव्याला घरात गुन्हा ठेवून पिंडाला कावळा शिवला असता?”

ठाण्यातून त्यांनी पावती घेतली. तिच्या तीन प्रती.

आता बंदुकीचं करायचं काय? वारसांनी ठरलेल्या मुदतीत परवाना असलेल्या कुणाला तरी ती कायदेशीर द्यायची, नाहीतर ती सरकारजमा होते. काकांना पोलिसांकडे जाऊन ‘घेऊन टाका’ म्हणणं सोपं होतं. पण वडिलांनी शब्द दिलेला होता.

घराच्या मागे एक व्हाळ आहे. व्हाळ म्हणजे ओढा. अलीकडे परबांचं भात, पलीकडे पुंडलिक गावस यांची पोफळीची बाग. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गोवा. दोन्हीकडचे म्हातारे चाळीस वर्षं एकमेकांना व्हाळावरून हाका मारून बोलले. डुकरं काही हद्द बघत नाहीत. ती गावसांच्या बागेतून उठून परबांच्या भातात यायची, आणि परबांचा बार ऐकला की तिकडे पळायची. पुंडलिकदादांच्या हातात परवाना होता पण त्यांची स्वतःची जुनी बंदूक फुटून निकामी झाली होती. काकांचे वडील त्यांना म्हणाले होते, “माझो झिल परदेशात. माझ्यामागे ही तुका.” हे चार माणसांसमोर म्हणाले होते. कागदावर काहीच नव्हतं. काकांच्या मते त्यांच्या वडिलांनी आयुष्यात केलेली एकमेव हलगर्जी ती.

पुंडलिकदादांचा फोन एकदा मी गाडीत ऐकला. स्पीकरवर होता.

“रे विश्राम, ठाण्यातसून तू बंदूक सोडवन घे. मी व्हाळात उभो रवतंय. तू हयसून दी, मी थयसून घेतंय. धा मिनटांचा काम! कोण बघतलो?”

“दादा, व्हाळ आपलो. हद्द सरकारची.”

“सरकार व्हाळात खंय असता रे? पाणी पण नसता थंय उन्हाळ्यात!”

काका हसले. पण फोन ठेवल्यावर त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, “दादाचं वय सत्त्याहत्तर. त्याला वाटतं मी कागदात वेळ काढतोय आणि तो जाईल. तसं झालं तर बापाचा शब्द माझ्या फाइलमध्येच राहील.” त्यांनी फाइल मांडीवर नीट केली. “पण असंच दिलं आणि उद्या कुणी विचारलं, ही कुणाची? तर दादाने काय सांगायचं? मेलेल्या माणसाची? म्हाताऱ्याला तुरुंगात घालायला नाही दिली माझ्या बापाने बंदूक.”

अर्ज टाइप केलेलाच हवा, असा त्यांचा हट्ट होता. “हाताने लिहिलेला अर्ज बाकावर बसून राहतो. टाइप केलेल्याला आत बोलावतात.” त्यांना एका बोटाने टाइप करायला दिवस लागायचा आणि मला जोरात टाइप करता यायचं, पण मराठी येत नव्हतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत आम्ही बसायचो. ते खबसात, म्हणजे इथल्या रोटीत, सुक्या जवळ्याची चटणी भरून खायचे आणि सांगायचे. मी रोमन अक्षरं मारून देवनागरी उमटवायचे. महाराष्ट्राकडचे अर्ज मराठीत, गोव्याकडचे इंग्लिशमध्ये. इंग्लिश अर्ज मी वाचून दाखवले की ते डोळे मिटून ऐकायचे आणि विचारायचे, “ह्यात विनंती कुठे आहे? मला ऐकू नाही आली.” मग मी एक ‘काइंडली’ घालायचे.

त्या पहिल्या अर्जात एक ओळ होती जी टाइप करताना मी थांबले. ‘मोबदला : पोफळीची पन्नास रोपे.’

“हे लिहायचं?”

“शस्त्र फुकट घेऊ नये, असं दादा म्हणतो. त्याच्याकडे रोपं आहेत. घेणार मी. मग लिहायला नको? लपवायचं कशाला?”

पुढे कळलं की कचेरीतल्या कारकुनाने ती ओळ शेजारच्या चार टेबलांना वाचून दाखवली. पण खोडली नाही.

ऑफिसात एकदा भलताच घोळ झाला. गावी असलेल्या काकींनी ठाण्यातून बंदुकीचा फोटो काढून आणला होता आणि तो अर्जाला जोडायचा म्हणून मी छापायला पाठवला. प्रिंटर मॅनेजरच्या केबिनबाहेर. मी पोचेपर्यंत मॅनेजर हातात कागद धरून उभे. बहरीनी गृहस्थ, एरवी शांत. कागदावर पोलीस ठाण्याच्या टेबलावर ठेवलेली बंदूक आणि खाली त्यांना न वाचता येणारी लिपी. काका आले, फाइल उघडली आणि पहिल्या पानापासून अरबीत समजावू लागले. बाप, व्हाळ, डुक्कर. डुक्कर आल्यावर मॅनेजरने हात वर करून थांबवलं. “परब, यू आर गुड मॅन. यल्ला, गो. बट नॉट ऑन माय प्रिंटर.”

कुणीही तिथे विषय संपवला असता. काकांनी दुसऱ्या दिवशी मला अर्ज टाइप करायला लावला : वैयक्तिक कागद ऑफिसच्या प्रिंटरवर स्वखर्चाच्या कागदाने छापण्याची परवानगी मिळण्याबाबत. मॅनेजर खदखदून हसले आणि त्यांनी सही केली. वर शिक्काही मारला. काका माझ्या टेबलाजवळून जाताना पुटपुटले, “खलास.”

पावसाळ्यात अर्ज परत आला.

कारण एका ओळीत होतं. परवान्यावर बंदुकीचा नंबर २७६८. ठाण्यात जमा झालेल्या बंदुकीवर, पावतीवर, फोटोत, सगळीकडे २७६३. म्हणजे कागदाच्या हिशेबाने परवान्याची बंदूक गायब होती आणि ठाण्यात होती ती बिनपरवान्याची. खुलासा करावा.

त्या दिवशी काकांनी चटणीचं खबूस अर्धं टाकलं. मी त्यांना अन्न टाकताना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी पावती आणि परवाना शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढून पुसला, पुन्हा ठेवले. बंदूक पुंडलिकदादांना मिळणं लांबच राहिलं; आता मेलेल्या बापाच्या नावावर बिनपरवाना शस्त्राची चौकशी लागायची वेळ आली होती.

“घरात दुसरी बंदूक होती?” मी विचारलं. हे मी मराठीत विचारलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

“एकच होती. मी जन्मल्यापासून एकच.”

दोन महिने ते खुलासा लिहीत राहिले आणि फाडत राहिले. काय लिहिणार? माहीत नाही, असं लिहिण्यासाठी अर्ज नसतो.

मग दसरा आला. वेअरहाऊसमध्ये दसऱ्याची पूजा काकांचीच. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीतून झेंडूच्या माळा आणायचे आणि फोर्कलिफ्ट, स्टेपलर, पंचिंग मशीन, कंपनीचा शिक्का, सगळ्यांना हळद-कुंकू. सगळ्यात मोठा मान वजनकाट्याला. काट्याच्या खांबावर पितळेची पट्टी आहे. तिच्यावर अनामिकेने ठसठशीत बोट ओढायचे. कुंकू खोबरेल तेलात कालवलेलं. “कोरडं कुंकू उडून जातं. आमच्या घरची पद्धत आहे.” पाकिस्तानी फोर्कलिफ्टवाले खानचाचा दरवर्षी लांब उभे राहायचे आणि पेढ्याच्या वेळेला जवळ यायचे.

त्यानंतर काही दिवसांनी काट्याच्या वार्षिक तपासणीचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. पट्टीवरचा नंबर बघून लिहायचा होता. मी लिहिला. मग गेल्या वर्षीच्या सर्टिफिकेटशी ताडून बघितला. ही सवय काकांनीच लावलेली. तिकडे आठ आकडे, माझ्याकडे सात. मी पुन्हा काट्याजवळ गेले. सातच. पण चौथ्या आणि पाचव्या आकड्यांमध्ये जागा जास्त होती. तिथलं पितळ जरा काळपट-लाल होतं. मी केसातली पिन काढून तिथे टोकरलं. लाल-काळे कण पडले आणि खालून एक ‘१’ वर आला.

मी पिन न पुसता कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

ऑफिसात बोलले नाही. चार लोकांसमोर बोलणं मला जमत नाही, आणि चुकीचं निघालं तर? संध्याकाळी गाडीत बसल्यावर विचारलं. वाक्य मनात तीनदा म्हणून बघितलं होतं.

“काका, तुमचे बाबा बंदुकीची पूजा कशी करायचे?”

“कशी म्हणजे? दसऱ्याला पाटावर ठेवायचे. झेंडू, आपट्याची पानं...”

“कुंकू कुठे लावायचे?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पिन दाखवली. टोकाला अजून लाल लागलेलं होतं. काट्याचं सांगितलं. माझं मराठी मध्येच तुटत होतं, पण मी इंग्लिशमध्ये गेले नाही.

काकांनी पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग उजव्या हाताची अनामिका डोळ्यांसमोर धरून बघत बसले, जणू ते बोट दुसऱ्या कुणाचं होतं.

“नंबरावर,” ते म्हणाले. “तिथे लोखंड सपाट असतं ना. कुंकू छान बसतं. जन्मभर बापाने लावलं. रजेत असेन तेव्हा मी लावलं.” मग त्यांच्या तोंडून हसण्यासारखा आवाज आला. “बाप-लेकांनी पूजा करून करून इंग्लिश आठाची डावी बाजू बुजवली आणि त्याचा तीन केला गो.”

मला वाटलं, आता सोपं आहे. पुसलं की झालं. काकींनाही तसंच वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्या काथ्या घेऊन ठाण्यात निघाल्या. सुदैवाने निघताना फोन केला.

“आवो, काथ्यो घेतलंय, राखाडी घेतलंय. दोन मिनटांत घासून लख्ख करतंय.”

काका इतके ओरडले की खानचाचांनी फोर्कलिफ्ट थांबवला. “हात लावू नको! माझी शपथ असा तुका! घरी जा!”

फोन ठेवून मला म्हणाले, “आपण घासलं तर आपणच नंबरात खाडाखोड केली म्हणतील. तो केवढा गुन्हा आहे माहिती आहे? आठ त्यांच्या हाताने निघाला पाहिजे. घे लिहून.”

तो अर्ज मी टाइप केलेल्या सगळ्या अर्जांमध्ये मला जास्त आवडतो. अजून पाठ आहे. ‘विषय : बंदुकीवरील क्रमांकाच्या ठिकाणी साठलेले पूजेचे कुंकू पंचांसमक्ष साफ करून क्रमांक पुन्हा वाचण्याबाबत.’ त्यात खोटा शब्द एक नव्हता. ‘आमच्या घराण्यात अज्ञानाने व श्रद्धेने असे घडले आहे,’ असं काकांनी सांगितलं. मी विचारलं, “आधी अज्ञान की आधी श्रद्धा?” ते विचार करून म्हणाले, “अज्ञान आधी लिही. श्रद्धा मागे उभी राहील.”

थंडीत कधीतरी ते झालं. दोन पंच, शस्त्रांचं जाणणारा एक पोलीस, रॉकेलचा बोळा, मऊ ब्रश. काकी बाजूच्या बाकावर होत्या. त्यांनी काकांना फोनवर सांगितलं, आणि काकांनी मला : आठ निघाला. पण घरी जाताना काकींना बरं वाटत नव्हतं. मामंजींनी लावलेलं कुंकू परक्या माणसाने पुसलं, आणि त्या बघत बसल्या होत्या.

काका भेटेल त्याला सांगत सुटले, “आमच्या बायने आठ शोधला.” मॅनेजरला, ड्रायव्हरना, कस्टमच्या काउंटरवरच्या माणसाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुंडलिकदादांनाही फोनवर सांगितलं, आणि तिकडून मोठ्याने आवाज आला, “त्या चेडवाक सांग, बाग तिची!” पुढच्या पार्सलातून काकींनी माझ्यासाठी आमसुलं पाठवली. आई आमटीत घालायची आणि दरवेळी म्हणायची, “ही तुझी बंदुकीची आमसुलं.”

परवानगी उन्हाळ्यात आली. तरीही एक अडचण उरली होती. पुंडलिकदादांचा परवाना गोव्यातल्या त्यांच्या भागापुरताच होता. हद्द ओलांडून ते बंदूक न्यायला येऊ शकत नव्हते. काकांकडे परवानाच नाही. म्हणजे जिच्यासाठी वर्षभर दोन राज्यं पत्रं लिहीत होती, तिला उचलू शकेल असा माणूस व्हाळाच्या दोन्ही बाजूंना नव्हता. त्यासाठी परवाना असलेला बंदुकीचा दुकानदार लागतो, आणि त्याला वाहतुकीचा वेगळा परवाना. त्यावर गाडीचा नंबर, तारीख, आणि कुठल्या रस्त्याने जायचं तेही लिहिलेलं असतं. मी टाइप केलेला तो शेवटचा अर्ज. अकरावा.

पावसाळा संपता संपता काका साठ वर्षांचे झाले आणि बहरीन सोडून गेले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला द्यायचं पेन दिलं. मी म्हटलं, परत नाही मिळणार. म्हणाले, “म्हणून तर.”

बंदूक गेली त्या दिवशी त्यांनी मला सकाळपासून फोटो पाठवले. ठाण्याच्या पायऱ्या. दुकानदाराची जीप, मागे कुलूपबंद पेटीत ती, पुढे काका. चेकपोस्ट. रस्ता डोंगराला वळसा घालून हमरस्त्याने, पूर्ण दिवसाचा. मधेच एक फोटो काकींनी पाठवला, घरामागचा. पुंडलिकदादांच्या सुना डोक्यावर टोपल्या घेऊन व्हाळातून अलीकडे येत होत्या. टोपल्यांमध्ये पोफळीची रोपं. पाणी घोट्यापर्यंत. पन्नास रोपं दहा मिनिटांत महाराष्ट्रात आली. त्याच वेळी बंदूक कागदावर लिहिलेल्या रस्त्याने गोव्याकडे जात होती.

संध्याकाळी गोव्याच्या ठाण्यात पुंडलिकदादांच्या परवान्यावर नोंद झाली. काकांचा व्हॉइस मेसेज आला. आधी नुसता वाऱ्याचा आवाज. मग अगदी हळू, “बाय, खलास.”

चार दिवसांनी दसरा होता. आता वेअरहाऊसची पूजा माझ्याकडे. झेंडू मी आणला, कुंकू तेलात कालवलं आणि काट्याच्या खांबाला वरच्या बाजूला, पट्टीपासून वीतभर लांब, बोट ओढलं. खानचाचा म्हणाले, “बेटी, परबभाई तो वहाँ नीचे लगाता था.” मी म्हटलं, “मालूम है.”

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. पुंडलिकदादांचं अंगण, मागे पोफळी. पाटावर बंदूक, तिच्याभोवती माळ. कागदावरच्या फोटोबाहेर मी ती पहिल्यांदाच बघत होते. वाटली होती त्यापेक्षा बारीक आणि जुनी. पुंडलिकदादा कानटोपी घालून खुर्चीत बसले होते आणि फोनकडे बघून दोन्ही हात जोडत होते. मीही हात जोडले.

दादांची मोठी सून कुंकवाची वाटी घेऊन वाकली. तेलात कालवलेलं कुंकू, चमकत होतं. तिचं बोट लोखंडाच्या त्या सपाट भागाकडे गेलं. फोन कुणाच्या तरी हातात हलला, आणि कडेने अर्ध्या बाहीचा, इस्त्रीचा एक हात पुढे आला. काकांचा चेहरा दिसला नाही. त्यांनी फक्त अंगठा नंबरावर ठेवला, पूजा होईपर्यंत तसाच दाबून धरला, आणि तिचं कुंकवाचं बोट त्यांच्या नखाला वळसा घालून पुढे गेलं.